पिस्टन झिजला की नस थकली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं वय ५१. कराडजवळच्या एका शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर कमी ऐकू येऊ लागलं. तपासणीत ओटोस्क्लेरोसिस (कानातलं एक हाड जखडण्याचा आजार) निघाला आणि २०११ साली डाव्या कानात टेफ्लॉनचा पिस्टन (त्या हाडाऐवजी आवाज आत पोचवणारी बारीक दांडी) बसवला. दहा-अकरा वर्षं कान छान चालला. गेली दोन वर्षं मात्र वर्गात मुलांना पुन्हा 'काय रे?' विचारावं लागतं. उजव्या कानाचं ऑपरेशन केलेलं नाही, तोही कमीच आहे. एक डॉक्टर म्हणतात पिस्टन सरकला असेल, परत ऑपरेशन करू. दुसरे म्हणतात नस कमजोर झाली, मशीन लावा. भाच्याने कानाच्या आत बसवायच्या इम्प्लांटची माहिती पाठवली आहे. त्यातच कंबरेचा एमआरआय सांगितलाय, तो पिस्टन असताना चालेल का? आणि २३ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?

ताई, आधी एमआरआयचं, कारण त्याची तारीख बहुधा ठरली असेल. चालेल. टेफ्लॉनला चुंबकाचं काही घेणंदेणं नसतं, आणि टायटॅनियम किंवा प्लॅटिनमलाही नसतं. ही भीती पसरली त्याला एक जुनं कारण आहे. १९८७ साली अमेरिकेत मॅकगी नावाच्या स्टीलच्या पिस्टनचे काही लॉट चुंबकीय स्टीलचे निघाले आणि ते परत मागवावे लागले. तुमचा पिस्टन त्यानंतर चोवीस वर्षांनी बसवलेला आहे. तरीही डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यावर पिस्टनचा प्रकार आणि माप, म्हणजे जाडी ०.४ किंवा ०.६ मिमी आणि लांबी ४ ते ४.५ मिमीच्या आसपास, लिहिलेलं असतं. काही वेळा पाकिटावरचं स्टिकरही चिकटवलेलं असतं. तंत्रज्ञाला आधी सांगा, आणि दोन्ही कानांत बोळे घालून वर हेडफोन मागून घ्या. कंबरेच्या एमआरआयमध्येही डोकं यंत्राजवळच असतं आणि खडखडाट जबरदस्त असतो. तुमच्या डाव्या कानाला त्याची झळ जास्त बसू शकते. मोठा आवाज आला की रिकीब या कानातल्या इवल्याशा हाडाला जोडलेला बारीक स्नायू आकसून आतल्या कानाला थोडं सांभाळतो. पिस्टन बसवताना त्याचा कंडरा बहुतेकदा कापावा लागतो. गणपतीत ढोल-ताशा किंवा डीजेच्या भिंतीजवळ उभं राहायची वेळ आली तर बोळे घालायचे, तेही याच कारणासाठी.

आता मूळ प्रश्न. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून त्यांतला एक चुकला असं नाही. दोन्ही शक्य आहेत, आणि एकाच कानात एकाच वेळी दोन्ही असू शकतात. निवाडा तुमच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, होईल. पत्रात त्याचा एकही आकडा नाही, म्हणून तो कसा वाचायचा ते जरा सविस्तर सांगतो.

कानात तीन हाडं असतात: हातोडा, ऐरण आणि रिकीब. ओटोस्क्लेरोसिसमध्ये रिकिबीचा तळवा नव्या हाडाने जखडतो. हे बहुतेकदा तळव्याच्या पुढच्या कडेला सुरू होतं. ऑपरेशनमध्ये रिकिबीचा वरचा भाग काढतात, तळव्यात ०.६ ते ०.८ मिमीचं भोक पाडतात, पिस्टनचं एक टोक त्यात सोडतात आणि दुसऱ्या टोकाची कडी ऐरणीच्या लांब दांड्याला आवळतात. रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनचं कृत्रिम हाड बसवण्याचं ऑपरेशन पहिल्यांदा १९५६ साली अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये जॉन शे यांनी केलं. तेव्हापासून इतका काळ लोटलाय की पिस्टनचं पुढे काय होतं हे चांगलं माहीत आहे. टेफ्लॉन शरीरात विरघळत नाही, गंजत नाही, झिजून निकामी होत नाही. पिस्टनची मुदत संपली, असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. बदलतो तो पिस्टनच्या भोवतीचा कान.

ऑडिओग्रामवर प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात. एअर कंडक्शन म्हणजे हेडफोनमधून येणारा आवाज, पडदा-हाडं-पिस्टन या सगळ्या वाटेने गेलेला. बोन कंडक्शन म्हणजे कानामागच्या हाडावर कंपक ठेवून थेट आतल्या कानाला दिलेला आवाज, पिस्टनला वळसा घालून. दोन्हींमध्ये ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे आकडे मिळवून चाराने भागा. आलेल्या दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे एअर-बोन गॅप. पिस्टनचं काम किती होतंय ते हा गॅप सांगतो. नसेची ताकद बोनची रेषा सांगते.

आकडे डेसिबलमध्ये असतात; आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. समजा आज डाव्या कानाचे एअरचे आकडे ४५, ४५, ५०, ६० आहेत आणि बोनचे ३०, ४०, ४५, ४५. सरासरी ५० आणि ४०, गॅप फक्त १०. म्हणजे पिस्टन जागच्या जागी आहे, काम चोख करतोय, आतला कान उतरलाय. इथे पुन्हा कान उघडून काहीही मिळणार नाही. उलट एअरचे ६०, ५५, ५०, ५५ आणि बोनचे १५, २०, ३०, ३५ असतील तर सरासरी ५५ आणि २५, गॅप ३०. इथे नस ठीक आहे, वाट अडली आहे आणि पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. खालच्या स्वरांत, म्हणजे ५०० हर्ट्झला, गॅप जास्त असणं हीसुद्धा यांत्रिक बिघाडाचीच खूण.

हे आकडे २०११च्या ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी काढलेल्या ऑडिओग्रामशी ताडून बघा, ऑपरेशनआधीच्याशी नव्हे. ऑपरेशनआधी रिकीब जखडलेली असल्यामुळे २००० हर्ट्झजवळ बोनची रेषा उगाच खाली दिसते आणि पिस्टन बसल्यावर वर येते. तो जुना कागद म्हणजे तुमच्या कानाची सगळ्यात चांगली स्थिती. नसेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या ऑडिओलॉजी विभागात विचारा, कधीकधी नोंद सापडते.

एका गोष्टीवर इथे अनेकांची फसगत होते. बोनचा आवाज एका कानामागे दिला तरी अख्खी कवटी हलते आणि दुसरा कानही तो ऐकतो. म्हणून चाचणी करताना दुसऱ्या कानात सूं-सूं असा आवाज सोडून त्याला गुंतवावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. ते न करता काढलेल्या बोनच्या आकड्यावर ऑपरेशन ठरवणं धोक्याचं, कारण चांगल्या दिसणाऱ्या आकड्याचा मालक दुसराच कान असू शकतो. कागदावर बोनची खूण चौकोनी कंसासारखी असेल तर मास्किंग झालंय, टोकदार कंसासारखी असेल तर नाही. तुमचे दोन्ही कान कमी असल्यामुळे हे काम किचकट होतं. घाईच्या शिबिरात नव्हे, ध्वनिरोधक खोली असलेल्या ठिकाणी, ऑडिओलॉजिस्टकडून करून घ्या. त्याआधी कानातला मळ काढलेला असावा आणि सर्दी नसावी. मळाचा बोळा किंवा पडद्यामागचं पाणी हीसुद्धा ऐकू कमी येण्याची कारणं असतात, आणि 'पिस्टन सरकला' या निदानाआधी ती वगळायलाच हवीत.

ऑडिओग्रामसोबत स्पीच डिस्क्रिमिनेशन, म्हणजे पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवून किती बरोबर कळतात, ही चाचणीही मागा. आवाज वाढवल्यावर ९० टक्क्यांच्या पुढे शब्द कळत असतील तर नस मजबूत आहे. ५०-६० टक्क्यांवर अडकत असाल तर पिस्टन कितीही नीट बसवला तरी शब्द स्पष्ट होणार नाहीत. टिम्पॅनोमेट्रीच्या, म्हणजे पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीच्या, कागदावर 'रिफ्लेक्स अनुपस्थित' (मोठ्या आवाजाला तो बारीक स्नायू आकसत नाही) असं लिहून आलं तर घाबरू नका. कंडरा कापलेल्या कानात तो नसणारच. सर्जनने ५१२ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, स्वतः लावून बघायला हवा. चिमट्याचं आणि यंत्राचं जुळत नसेल तर ऑडिओग्राम पुन्हा करायचा.

घरी काही अंदाज हवा असेल तर आठवून बघा. पंगतीत पापड मोडताना स्वतःच्या चावण्याचा आवाजच इतका होतो की शेजारचं ऐकू येत नाही, आणि समोरचा मोठ्याने बोलला की सगळं लख्ख कळतं, तर वाट अडल्याचा संशय घ्यायचा. आवाज येतो पण 'सात' की 'साठ' ते कळत नाही, 'श', 'फ', 'थ' गळतात, आणि कोणी ओरडून बोललं की त्रास होतो, तर नसेकडे बोट जातं. नाक दाबून कानात हवा भरली की क्षणभर ऐकू स्पष्ट येतं आणि पुन्हा मावळतं, असं होत असेल तर सर्जनला जरूर सांगा. ऐरणीवरची कडी सैल झाल्याचं ते एक लक्षण आहे. मुद्दाम पुन्हापुन्हा करून मात्र बघू नका.

गॅप मोठा निघालाच तर आत काय झालेलं असतं? वर्षांनंतरच्या बिघाडात सगळ्यात जास्त दोन गोष्टी आढळतात, बऱ्याचदा जोडीने. कडी जिथे आवळलेली असते तिथे ऐरणीचा दांडा हळूहळू झिजतो, आणि मग सैल झालेला पिस्टन भोकातून वर किंवा बाजूला सरकतो. दांड्याच्या टोकाचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो, त्यात हलत्या कडीचं घासणं. याशिवाय भोक नव्या हाडाने बुजू शकतं, हातोडा किंवा ऐरण वरच्या बाजूला जखडू शकते, पिस्टनभोवती चिकट जाळी होऊ शकते. सीटी स्कॅन सांगितला तर तो टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटीच असावा, बारीक कापांचा. त्यात धातूचा पिस्टन ठळक दिसतो, तुमच्यासारखा टेफ्लॉनचा फिका दिसतो. म्हणून 'सीटीत पिस्टन दिसत नाही' याचा अर्थ तो पडून गेला असा नव्हे.

पिस्टनचे दूरचे निकाल चांगले आहेत. अनुभवी हातांनी पहिल्यांदा केलेल्या दहापैकी सुमारे नऊ कानांत गॅप १० डेसिबलच्या आत येतो आणि बहुतेकांत वर्षानुवर्षं तसाच टिकतो. तरीही दहा-पंधरा वर्षांनी माणसं 'पहिल्यासारखं ऐकू येत नाही' म्हणून परत येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत उतरलेली असते ती बोनची रेषा, वयामुळे, आणि काहींत हाच आजार आतल्या कानाच्या हाडात पसरल्यामुळे. तुमच्या वयाला हा पहिला संशय. तक्रार दोन वर्षांत हळूहळू वाढली असेल तर तो अधिकच. एका महिन्यात, एका शिंकेनंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर फरक पडला असेल तर संशय पिस्टनवर.

दुसऱ्यांदा ऑपरेशनचा हिशेब पहिल्यापेक्षा कडक असतो. गॅप १० डेसिबलच्या आत येण्याचं प्रमाण साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश कानांवर येतं. पहिल्या वेळी कान कायमचा बहिरा होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी धरतात, दुसऱ्या वेळी तो त्याहून जास्त. याचं कारण ठोस आहे. जुन्या पिस्टनचं खालचं टोक आतल्या कानाच्या नाजूक पडद्याला चिकटलेलं असू शकतं, आणि तो ओढून काढला तर पडदा फाटतो. म्हणून भोवतीची जाळी लेझरने विरवून मगच पिस्टन सोडवणं जास्त सुरक्षित. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला अशी दुसऱ्यांदाची किती ऑपरेशनं करता, लेझर आहे का, आणि ऐरणीचा दांडा आखूड निघाला तर काय कराल? 'कडी थोडी वर बसवू', 'बोन सिमेंटने टोक बांधू', 'पिस्टन हातोड्याला अडकवू' ही खरी उत्तरं आहेत. 'आत गेल्यावर बघू' एवढंच उत्तर पुरेसं नाही. शक्य असेल तर हे ऑपरेशन जागेपणी, फक्त कान बधिर करून करतात. चक्कर आली तर पेशंट तिथेच सांगतो आणि सर्जन थांबू शकतो.

जिभेचंही विचारात घ्या. चवीची एक बारीक नस पडद्यामागून आडवी जाते आणि दुसऱ्या वेळी ती दुखावण्याचा संभव वाढतो. जिभेच्या त्या बाजूला धातूसारखी चव काही महिने राहू शकते. दोन्ही कानांना हात लावायचा असेल तर हे दोन्ही बाजूंना होऊ शकतं.

तुमच्या बाबतीत दोन्ही डॉक्टरांनी उजव्या कानाचं काही म्हटल्याचं पत्रात दिसत नाही, आणि आमच्या मते तिथेच मोठा प्रश्न आहे. उजव्या कानाला अजून कोणी हात लावलेला नाही. तिथे बोनची रेषा चांगली आणि गॅप २५-३०चा असेल, तर डाव्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करण्यापेक्षा उजव्याचं पहिलं ऑपरेशन जास्त लाभाचं ठरू शकतं. पण एक नियम मोडायचा नाही: ज्या कानावर तुमची सगळी मदार आहे त्याला सुरी लावायची नाही. डाव्याची नस फार उतरलेली निघाली तर उजवा हाच एकमेव कामाचा कान ठरतो, आणि मग त्याला मशीनच. दोन्ही कान एका वेळी कधीच नाही, मध्ये किमान सहा महिने ते वर्ष हवं.

मशीनला लोक शेवटचा पर्याय समजतात, ते या आजारात तरी चूक आहे. ज्यांची नस बऱ्यापैकी आहे आणि केवळ आवाज कमी पोचतो, त्यांना श्रवणयंत्राचा फायदा उत्तम होतो, आणि त्यात कान गमावण्याचा धोका नाही. पिस्टन असलेल्या कानालाही ते लावता येतं. घेण्याआधी दोन-तीन आठवडे ट्रायल मागा, आणि ट्रायल दुकानातल्या शांत खोलीत नको, तुमच्या वर्गात करा. मागच्या बाकावरच्या मुलाने तुमच्याकडे पाठ फिरवून वाचलं तर कळतं का, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात काय होतं, ते टिपून ठेवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून मशीन त्याप्रमाणे जुळवून घ्या. एका कानाचं डिजिटल मशीन साधारण १५-२० हजारांपासून लाखाच्या पुढेही जातं. वरच्या किमतीत मिळणाऱ्या सगळ्या सोयी तुम्हाला लागतीलच असं नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे तपासणीही होते आणि पात्र असलेल्यांना सरकारी योजनेतून यंत्रही मिळतं.

भाच्याने पाठवलेलं इम्प्लांट बहुधा व्हायब्रंट साउंडब्रिज असावं. त्यात साधारण २.३ मिमी लांबीचा, २५ मिलिग्रॅमचा कंपक ऐरणीला किंवा आतल्या कानाच्या गोल खिडकीला लावतात, आणि कानामागे बाहेरून चुंबकाने चिकटणारा प्रोसेसर वापरावाच लागतो. म्हणजे बाहेर काही दिसणार नाही, असं नाही. ज्यांचा कान सतत वाहतो, साच्याचं मशीन घालताच येत नाही, त्यांना ते वरदान आहे. तुमचा पडदा शाबूत आणि कान कोरडा असेल तर साधं मशीन वापरून बघण्याआधी लाखांच्या या खर्चाचा विचार करू नका. त्याच्या दूरच्या निकालांची कहाणीही पिस्टनसारखीच आहे: यंत्र चालत राहतं, बोनची रेषा वयाने उतरते, आणि गोल खिडकीवर लावलेला कंपक काही कानांत जागेवरून हलून पकड सैल होते. मिश्र बहिरेपणात, म्हणजे वाटही अडलेली आणि नसही उतरलेली असते तेव्हा, बोनची रेषा ५०० हर्ट्झला ४५ आणि २००० ते ४००० हर्ट्झला ६५ डेसिबलच्या आत असावी लागते. त्याच्या आजच्या आवृत्तीला एमआरआय १.५ टेस्लापर्यंतच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात, तोही अटींवर, चालतो. कंबरेच्या दुखण्याचा माणूस हे आधी विचारेल. शिवाय असं यंत्र कंपनीच्या भरवशावर चालतं. साउंडब्रिज बनवणारी मूळची अमेरिकन कंपनी सिम्फोनिक्स बंद पडली आणि २००३ मध्ये ऑस्ट्रियाच्या मेड-एलने ते तंत्र घेतलं, म्हणून सुटे भाग मिळत राहिले. प्रत्येक वेळी असं घडेलच, हे कोण सांगणार?

रोजच्या वागण्यात फार बंधनं नाहीत. विमानप्रवास चालेल, फक्त सर्दी असताना टाळा. मालवणला स्कूबा करायचा बेत असेल तर सोडून द्या, पिस्टनच्या कानाला पाण्याखालचा दाब बहुतेक सर्जन नको म्हणतात. कानात तेल घालू नका. पडदा बंद असेल तर तेल पिस्टनपर्यंत पोचत नाही, पण पावसाळ्यात बुरशीला मात्र घर मिळतं. फ्लोराइडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, त्यांनी पिस्टन सुटणार नाही की गेलेलं ऐकू परत येणार नाही.

काही तासांत ऐकू धाडकन कमी झालं, सोबत चक्कर, उलटी किंवा कानात नवा मोठा आवाज आला, तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा वेळी स्टेरॉइड जितकं लवकर तितकं बरं, दोन आठवडे उलटून गेले की उपयोग फार कमी होतो.

मुलीबद्दल. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला होण्याचा संभव साधारण चारात एक. बायकांत तो पुरुषांपेक्षा दुपटीने आढळतो. गर्भारपणामुळे तो वाढतो ही जुनी समजूत आहे, अभ्यासांत त्यावर एकमत नाही, म्हणून त्या भीतीने लग्न-मुलांचे बेत बदलू नयेत. आत्ता एकदा मास्किंगसह ऑडिओग्राम काढून कागद जपून ठेवायला सांगा. पुढे तिला फोन एकाच कानाला लावावासा वाटू लागला किंवा गोंगाटातच जास्त चांगलं ऐकू येतंय असं वाटलं, तर तोच कागद घेऊन दुसरा काढायचा. तोवर औषध कसलंच नको.